केळशीची वाळूची टेकडी आणि उटंबरचा डोंगर एका दिवसात पायी होईल का? सासूबाईंना न्यावं का?

तुम्ही विचारलंय की बडोद्याहून दोन दिवसांसाठी कोकणात, दापोली तालुक्यात जाऊन केळशीची वाळूची टेकडी, किनारा आणि उटंबरचा डोंगर असं पायी करायचं तर किती किलोमीटर धरावेत, बूट कोणते घालावेत, आणि 65 वर्षांच्या सासूबाईंना सोबत न्यावं की खोलीवर ठेवावं. शेवटचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले.

किलोमीटर धरूच नका. किनारा तीनेक किलोमीटरचा आहे, त्यावर डोंगराची चढण. डांबरी रस्त्यावर हे काहीच नाही. पण मऊ वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, हे शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. तेच अंतर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरून लहान पोरंही नाचत जातात. म्हणून आधी ओहोटीची वेळ काढायची आणि तिच्यावरून निघायची वेळ ठरवायची.

माझ्या आईचं माहेर केळशी. लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात आली, चाळीस वर्षं इथेच काढली, पण भरती-ओहोटीचा हिशोब तिच्या डोक्यातून गेला नाही. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा तास. त्यात सहा मिळवले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच.

चौदा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे मामाकडे गेलो होतो. आई तेव्हा 62 वर्षांची. कार्तिक शुद्ध त्रयोदशीच्या सकाळी दादाने फर्मान काढलं, आठला निघायचं, अकराला डोंगरावर. आई म्हणाली, "आज त्रयोदशी. पावणेदहाला भरती. अडीचला निघू, दिवस मावळायच्या आत परत." दादाने ऐकूनही घेतलं नाही. खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला स्तंभेश्वराची पिंडी भरतीत पाण्याखाली जाताना त्याने कितीदा पाहिली होती, तरी समुद्राला स्वतःचं वेळापत्रक असतं हे त्याला पटेना.

खाडीच्या तोंडाशी असलेली टेकडी त्याने थेट मऊ बाजूने चढायला लावली. पाऊल वर टाकावं तर तेवढंच खाली येत होतं. तिथून किनाऱ्यावर उतरलो तोवर पाणी सुरूच्या झाडांकडे सरकत होतं आणि चालायला उरली ती फक्त कोरडी, भुसभुशीत वाळू. ऊन तापलं. अर्ध्या वाटेवर आई एका ओंडक्यावर बसली. बसल्यावर काही बोललीही नाही. आम्ही सगळे परत फिरलो.

त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला दादा एकच वाक्य म्हणायचा, "आईला झेपलं नाही म्हणून उटंबर राहिलं." आई ऐकून घ्यायची. मला अजून राग येतो. झेपलं कुणालाच नव्हतं, दादा स्वतः धापा टाकत होता.

दोन वर्षांनी मी, माझी मुलगी आणि आई अशा तिघीच गेलो. दिवस आईने निवडला, माघ वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. उजाडता उजाडता टेकडीशी होतो. वाऱ्याच्या बाजूचा उतार निजता आणि घट्ट असतो, तिकडून तिरकं तिरकं चढलो. मर्यादवेल पसरली होती तिथे आईने पाय ठेवू दिला नाही, वाळू तीच धरून ठेवते. मग घट्ट किनाऱ्यावरून नऊच्या आत डोंगराच्या पायथ्याशी. आईला संकष्टीचा उपास. राजगिऱ्याचे दोन लाडू आणि पाणी, एवढ्यावर 64 वर्षांची बाई उटंबर चढली आणि वरून माझ्या मुलीला स्वतःची शाळा कुठे होती ते दाखवलं. दादा आजही म्हणतो, गाडीने गेल्या असतील. गाडी उतरताना केली होती. चढलो पायीच.

तर सकाळीच चालायचं असेल तर तृतीया ते पंचमीतला दिवस धरा, ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे अंधारात निघावं लागेल. महिना माघ-फाल्गुनाची सुरुवात बरी. पावसाळ्यात मुळीच नको. खेडपर्यंत रेल्वे, पुढे दापोलीमार्गे एसटी. गाडी खेडला थांबते का ते तिकिटाआधी बघा. आपला बडोद्याचा लिलो चेवडो (हिरवा चिवडा) घरीच ठेवा, तहान लागते. बुटांचं म्हणाल तर वाळूत अनवाणी आणि डोंगरावर रोजचे वापरातले, नवे नकोत.

एक राहिलं. पाऊणपटीचा हिशोब कोकणापुरता, आणि तोही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा गावात कोळ्यांना एकदा विचारा. जवळ पडतं म्हणून खंभातच्या आखातात असलं काही करू नका. तिथे चिखल आहे, पाणी कोकणाच्या दुपटीहून जास्त चढतं आणि वेळाही या हिशोबात बसत नाहीत. मुलांना टेकडीच्या पोटात बोगदे खणू देऊ नका, वाळू वरून बसते. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, हे आहेच.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही सासूबाईंना न्यावं का ते मला विचारलंत, त्यांना विचारलंत का? आणि त्या म्हणाल्या की अडीचला निघू, तर कृपा करून अडीचला निघा.