बोलोन्यातली पहिली दुपार

प्रश्न : नमस्कार ताई. मी सांगलीची निवृत्त शिक्षिका. येत्या मे महिन्यात मी आणि मिस्टर मुलाकडे इटलीला जातोय. तो मोदेनाला नोकरीला आहे, पण पहिले दोन दिवस बोलोन्यात स्टेशनजवळच्या हॉटेलात राहायचं ठरलंय. मुंबईहून पहाटेचं विमान, वाटेत एक बदल, आणि दुपारी एकला बोलोन्यात. मुलगा कामावरून सातच्या आधी पोचत नाही. मला विमानात झोप लागत नाही, मिस्टरांचे गुडघे दुखतात. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. मुलगा म्हणतो, झोपू नका. मिस्टर म्हणतात, मी तर झोपणारच. सात वाजेपर्यंत काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचताना माझे आई-बाबाच डोळ्यांसमोर आले. मी बोलोन्यात चार वर्षं राहिले. ते पहिल्यांदा आले तेव्हा हौसेपोटी मी त्याच दुपारी त्यांना फ्लॉरेन्सला नेलं. वेगवान गाडीनं पाऊण तासाच्या आत पोचता येतं, आणि उफिझी संग्रहालयाची तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती. बाबा तिथल्या एका बाकावर मान टाकून झोपले. त्या दिवसातलं काय आठवतं असं पुढे आईला विचारलं, तर ती म्हणाली, "जिने." मला त्याचं फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी सासू-सासरे आले तेव्हा पहिली दुपार कशी घालवायची हे मी नीट ठरवलं. तेच तुम्हाला सांगते.

आधी घड्याळाचं. मे महिन्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तुम्ही एकला उतराल तेव्हा सांगलीत साडेचार झालेले असतील आणि मुलगा सातला येईल तेव्हा रात्रीचे साडेदहा. म्हणून मुलाचंही बरोबर आणि मिस्टरांचंही. तीनच्या सुमारास खोली मिळाली तर अर्धा तास जरूर पडा, पण गजर लावून, आणि चारला दोघांनीही उठायचं. रात्रभर जागलेलं शरीर गजराशिवाय आडवं झालं तर थेट रात्री अकराला उठेल आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागणार नाही. पश्चिमेकडे जाताना शरीराला दिवस लांबवायचा असतो आणि त्याला संध्याकाळच्या उजेडाइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होत नाही. मेमध्ये बोलोन्यात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. तो उजेड वाया घालवू नका.

विमानतळावरून स्टेशनला येणारी मोनोरेल सात-आठ मिनिटांत पोचवते. अंतराच्या मानानं तिचं भाडं जास्त आहे, पण बॅगा घेऊन बसमध्ये उभं राहण्यापेक्षा बरी. स्टेशनच्या बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ 10:25 वर थांबलेलं दिसेल. ते बिघडलेलं नाही. 2 ऑगस्ट 1980 ला त्याच वेळी तिथल्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला आणि 85 माणसं गेली. त्यांच्या आठवणीसाठी ते तसंच ठेवलं आहे. मी चार वर्षं रोज त्याच्याखालून गेले, पण न बघता कधी गेले नाही. तुम्हीही क्षणभर थांबा.

चारनंतर बाहेर पडायचं ते पडवीखालून. बोलोन्याचे पोर्तिको म्हणजे आपल्या जुन्या घरांची पडवीच, फक्त अख्ख्या शहरभर एकाला एक जोडलेली. अशा कमानी मिळून 62 किलोमीटर भरतात आणि 2021 पासून त्यांतल्या निवडक कमानी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. विद्यापीठामुळे माणसं वाढली, घरं अपुरी पडली, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. 1288 मध्ये शहरानं नियमच केला की नवीन घराला पोर्तिको हवाच, आणि घोडेस्वार खालून जाईल इतका उंच हवा. जागा घरमालकाची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. ऊन-पाऊस लागत नाही आणि जमीन बहुतेक सपाट, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना याहून चांगलं शहर मला तरी माहीत नाही. स्टेशनपासून मुख्य चौकाकडे जाणारा विया देल्लिंदिपेंदेन्झा हा रस्ता असाच पडवीचा आहे. सरळ चालत राहिलात तर तुमच्या चालीनं पंचवीस मिनिटांत पियात्सा माज्जोरे, म्हणजे तो मुख्य चौक. वाटेत डावीकडे आत गेलं की विया पियेल्ला नावाच्या गल्लीत भिंतीला एक छोटी खिडकी आहे. ती उघडा. पलीकडे घरांच्या मधून वाहणारा कालवा दिसतो. माझ्या सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

चौकात पोचल्यावर आधी सालाबोर्सा. बोर्सा म्हणजे शेअर बाजार. पूर्वी इथे तोच होता, आता सार्वजनिक वाचनालय आहे. सुट्टीचा दिवस नसेल तर आत जायला पैसे पडत नाहीत, बसायला खुर्च्या आहेत आणि स्वच्छतागृह आहे. प्रवासातल्या बायकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. जमिनीत काचा बसवल्या आहेत आणि त्यांच्याखाली रोमन काळातल्या शहराचे अवशेष दिसतात. खुर्चीत बसल्या बसल्या दोन हजार वर्षं पायाखाली! फक्त तिथे डोळे मिटायला लागले की उठा.

मग समोर पालात्सो देल पोदेस्ताच्या खालच्या कमानीत जा. तिथे चार कोपरे आहेत. तुम्ही एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मिस्टरांनी तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. मधून माणसं जात-येत असतात, तरी कुजबुज छताच्या वळणावरून फिरून पलीकडे स्वच्छ पोचते. माझ्या सासऱ्यांनी तिथून सासूबाईंना विचारलं होतं, "दमलीस का गं?" पन्नास वर्षांच्या संसारात हे त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं, असं त्या अजून सांगतात.

सान पेत्रोनियोचं मोठं चर्च त्याच चौकात आहे. 1390 ला सुरू झालं, दर्शनी भाग अजून अर्धाच आहे, खाली संगमरवर आणि वर उघड्या विटा. आत जमिनीवर सुमारे 67 मीटर लांबीची एक रेषा आहे. कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञानं 1655 मध्ये ती आखली. छतातल्या एका भोकातून उन्हाचा कवडसा पडतो आणि तो रेषेवर आला की खरी माध्यान्ह. मेमध्ये ती वेळ सव्वाएकच्या जरा आधी येते, म्हणून हे दुसऱ्या दिवशी बघा, तेव्हा दार उघडं आहे ना तेवढं विचारून घ्या. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला हे आवडेल: घड्याळात बारा आणि सूर्य माथ्यावर, असं सांगलीतही होत नाही, तिथे साधारण साडेबारा होतात. घड्याळ देशाचं असतं, सूर्य गावाचा.

उरलेला वेळ चौकातच काढा. उन्हं उतरली की सावलीतून उठून उजेडात बसा. चौकातल्या टेबलावर कॉफीचे पैसे जास्त पडतात, काउंटरशी उभं राहून प्यायली तर खूपच कमी. पण त्या दिवशी मिस्टरांच्या गुडघ्यांसाठी टेबलाचेच द्या. पाचनंतर मात्र कॉफी नको, जेलातो म्हणजे तिथलं आइस्क्रीम घ्या.

खाण्याचं नीट ऐका, कारण तिथे फसगत होते. दुपारी अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात आणि साडेसातच्या आसपास पुन्हा उघडतात. मधल्या भुकेला चौकामागच्या क्वाद्रिलातेरो बाजारात जा. बेकरीत पिझ्झाचा तुकडा सहज मिळतो. "सेंत्सा कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. नाव सारखं असलं तरी तोर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस असतं आणि मोठ्या तोर्तेल्लोनीत बहुधा रिकोता चीज आणि पालक. तुम्हाला अंडं चालतं हे बरं, कारण इथला ताजा पास्ता अंड्यातच मळतात. लोणी आणि सेजच्या पानांतली तोर्तेल्लोनी रात्री मागवा, त्या थकव्यात ती फार छान लागते. पियादिना ही पोळीसारखी दिसते म्हणून आपली वाटते, पण तिच्या कणकेत पूर्वापार डुकराची चरबी घालतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. तुम्ही ते पाळत असाल तर वरून किसून घालू नका असं आधीच सांगा.

त्या दिवशी काय करू नये तेही सांगते. शहरातले प्रसिद्ध दोन मनोरे दुरूनच बघा. त्यातल्या झुकलेल्या गारिसेंदाच्या काळजीमुळे ऑक्टोबर 2023 पासून तिथे वर जाणं बंद आहे. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं लाकडी शरीरशास्त्र सभागृह अप्रतिम आहे, पण मंद उजेडात लाकडी बाकावर टेकलात की झोप आलीच. ते नंतर. सान लुकाच्या टेकडीवर जाणारी 666 कमानींची वाट तर गुडघ्यांसाठी नाहीच. चौकातून तिकडे छोटी गाडी जाते, दुसऱ्या दिवशी तिनं जा.

मुलाला सातला थेट चौकात बोलवा, हॉटेलवर नको. साडेसातला जेवा, नऊपर्यंत पडवीखालून परत या, साडेनऊला झोपा. पहाटे चारला जाग येईलच, कारण सांगलीत तेव्हा साडेसात झालेले असतात. दिवा लावू नका, सहापर्यंत पडदाही उघडू नका, नुसत्या पडून राहा. हॉटेलवाल्यांना आधीच सांगून रात्री खोलीत थोडी फळं आणि बिस्किटं ठेवून घ्या, मिस्टरांना त्या वेळी भूक लागलेली असेल.