मेशला जाळी म्हणायचं की जाळं?

प्रश्न असा आलाय की कॉम्प्युटेशनल जॉमेट्रीतल्या, म्हणजे कॉम्प्युटरकडून भूमिती सोडवून घ्यायच्या शास्त्रातल्या, 'हाय-क्वालिटी मेश जनरेशन'ला मराठीत 'उच्च गुणवत्तेच्या जाळ्याची निर्मिती' म्हटलं तर चालेल का. अर्थ कळतो, पण मला त्यातले तिन्ही शब्द खटकतात.

आधी जाळं. कोळी मासे पकडणारा घ्या नाहीतर भिंतीवरचा घ्या, दोघांचंही जाळं काहीतरी अडकवायलाच असतं. इथे तसं काही नाहीये, गाडीचा दरवाजा किंवा पुलाचा खांब कुठे किती ताण घेतो ते कॉम्प्युटरला काढता यावं म्हणून त्या अख्ख्या आकाराचे छोटे छोटे त्रिकोण पाडतात, एकाला एक चिकटून, मधे फट नाही. म्हणून मी जाळी म्हणेन, खिडकीला असते तशी, ठरलेली जागा भरून काढणारी.

गंमत म्हणजे इंग्रजीत मेश म्हणजे मुळात जाळ्यातलं एक भोक. आपल्या किनाऱ्यावर त्याला आस म्हणतात, आसाच्या मापावरून कुठला मासा अडकणार आणि कुठला निसटणार ते ठरतं. चाळणीच्या धंद्यातही 100 मेश म्हणजे एका इंचात 100 भोकं. हे लक्षात ठेवलं की 'क्वालिटी'चा अर्थ आपोआप उलगडतो, कारण इथेही तपासायचा असतो तो एकेक त्रिकोण. एखादा कोन पार 180 अंशांकडे गेला, म्हणजे त्रिकोण दाबून चपटा केल्यासारखा झाला, की उत्तरातला चढउतार तिथे भलताच यायला लागतो. तेव्हा प्रश्न आकाराचा आहे, आणि 'उच्च गुणवत्ता' हे तर साबणाच्या वेष्टनावरही असतं. आपल्याकडे 'सुघड' असा नेमका शब्द पडून आहे की, घडण चांगली असलेला तो सुघड!

सुघड त्रिकोण मिळवायची जुनी युक्ती रशियन गणिती बोरिस देलोने यांच्या 1934च्या लेखातली. तीन बिंदूंतून जाणारं वर्तुळ काढायचं, आत चौथा बिंदू आला तर तो त्रिकोण बाद, म्हणजे रिकाम्या वर्तुळाची अट. नंतर 1990च्या दशकात जिम रुपर्टने पुढची पायरी दाखवली, बारीक टोकाचा त्रिकोण सापडला की त्याच्या परिवर्तुळाच्या केंद्रावर नवा बिंदू टाकायचा आणि आजूबाजूची जाळी परत जुळवायची, असं करत गेलं की मूळ आकृतीतच फार चिंचोळे कोपरे नसतील तर कुठलाही कोन साधारण 20.7 अंशांच्या खाली राहत नाही, आणि हे त्याने सिद्ध करून दिलंय. हे असं एकेक बिंदू टाकत पुढे सरकणं बघितलं की 'निर्मिती' फारच कोरडं वाटतं. जाळी विणणं म्हणा, 'सुघड जाळी विणणं'.

जाता जाता 'स्लिव्हर'चं पण सांगतो, कारण हा शब्द त्या विषयात पुढे भेटणारच. घन आकारात त्रिकोणांऐवजी चार टोकांचे तुकडे पाडतात. आता चेंडूच्या मध्यावरून विषुववृत्तासारख्या फिरणाऱ्या रेषेजवळ सारख्या अंतरावर चार बिंदू घ्या आणि एकमेकांना जोडा. कडा सगळ्या बऱ्या लांबीच्या, कुठलीच आखूड नाही, पण आतलं घनफळ जवळपास शून्य. त्रिमितीत देलोनेची अट पाळूनही असले तुकडे शिल्लक राहतात. त्याला मी बेधडक 'कपची' म्हणेन, पाथरवटाच्या छिन्नीखालून उडते ना, तीच.