अवयव की विभाजक, मूळ की अविभाज्य?

प्रश्न असा आला आहे: ‘५१०५१० ह्या संख्येचे एकाने सात अवयव सांगितले, दुसऱ्याने १२८ विभाजक. मग अवयव आणि विभाजक हे वेगळे शब्द आहेत का? आणि २, ३, ५ ह्यांना मूळ संख्या म्हणावे की अविभाज्य?’

उत्तरे दोन्ही बरोबर आहेत. पहिल्याने फक्त ‘मूळ’ हा शब्द गाळला. ५१०५१० = २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ × १७, म्हणजे पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार. हे सात तिचे मूळ अवयव. विभाजक म्हणजे जिने भागले असता बाकी शून्य उरते अशी कुठलीही संख्या. सातांपैकी प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ चा सातवा घात, १२८. त्यात १ आणि खुद्द ५१०५१० हेही आले.

क्रियापदाकडे पाहिले की फरक लगेच कळतो. अवयव ‘पाडतात’, विभाजक ‘शोधतात’. अवयव पाडताना संख्या गुणाकाराच्या रूपात मोडलेली असते, म्हणून १२ = २ × २ × ३ मध्ये २ दोनदा लिहावा लागतो. विभाजकांच्या यादीत तो एकदाच येतो. एरवी ‘४ हा १२ चा अवयव’ म्हटले तरी काही बिघडत नाही.

‘भाजक’ मात्र निराळा. ५१०५१० ला १९ ने भागा: भागाकार २६८६८, बाकी १८. इथे १९ भाजक आहे, विभाजक नाही. एका ‘वि’ने केवढे काम केले आहे! बाकी १८ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ की अविभाज्य. ‘अविभाज्य संख्या’ चूक नाही, पुष्कळ जण लिहितात. मला तो शब्द अडखळवतो, कारण ‘कशाने अविभाज्य?’ हा प्रश्न उरतोच. १७ ला १७ ने भाग जातोच की. शिवाय ‘विभाज्य’ला लसाविमध्ये आधीच काम आहे: लघुतम सामाईक विभाज्य. तिथला ‘विभाज्य’ म्हणजे पाढ्यातली संख्या, आणि १७ स्वतःच्या पाढ्यात पहिलीच असते. मूळ–संयुक्त ही जोडी अधिक स्वच्छ. (१ दोन्हींत बसत नाही.) ‘मूळ’चीही एक अडचण आहे: १७ हे २८९ चे वर्गमूळही आहे. पण तिथे ‘मूळ’ नाम आहे, ‘मूळ संख्या’त विशेषण, त्यामुळे वाक्यात सहसा घोटाळा होत नाही.

खरा फसवा शब्द ‘सहमूळ’. तो ऐकून दोन्ही संख्या मूळ असाव्यात असे वाटते, पण अर्थ एवढाच की १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नाही. ७१४ आणि ७१५ पाहा. दोन्ही संयुक्त, तरी सहमूळ. गुणाकार पुन्हा ५१०५१०! ७१४ चे मूळ अवयव २, ३, ७, १७ आणि ७१५ चे ५, ११, १३. दोन्हींकडची बेरीज २९, हा वर आणखी एक योगायोग.

५१०५१० मध्ये १ मिळवला तर? सातांपैकी कशानेही भाग जाणार नाही, म्हणून ५१०५११ मूळच असेल असे वाटते. पण मघाची बाकी १८ होती; एक मिळवताच १९ ने पूर्ण भाग जातो. ५१०५११ = १९ × ९७ × २७७. म्हणजे हीदेखील संयुक्तच, आणि ५१०५१० शी सहमूळ.