"मॅडम, मी खूप स्लो आहे, मी मॅरेथॉनचा विचार तरी करावा का?"

हा प्रश्न नागपुरात जुलै-ऑगस्ट लागला की माझ्याकडे, म्हणजे एका समुपदेशकाकडे, यायला लागतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी इथे तेव्हाच सुरू होते, त्याआधी एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात असताना कोण लांब धावणार. विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे, नोकरी-घर सांभाळून धावणारे, एखादी हाफ मॅरेथॉन केलेली, आणि आता ४२.१९५ किलोमीटरचं नाव काढलं की पोटात गोळा येणारे. अंतराची भीती असेल असं वरवर वाटतं, पण थोडं बोलत बसलं की वेगळंच निघतं. म्हणून एक केस सांगते. त्या ताईंची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बँकेत नोकरी, दोन मुलं, राहायला पश्चिम नागपुरात. त्या आल्या त्या धावण्यासाठी नाहीच, झोपेसाठी आल्या. शनिवारी रात्री झोप लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते, पोट बिघडतं, आणि रविवारी साडेचारला उठून ग्रुपसोबत लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावण्याला, जायचं असतं. नवरा बिचारा प्रेमानेच म्हणायचा की एवढा त्रास होऊन राहिला तर सोडून दे ना, कोणी जबरदस्ती केली आहे का. आणि ते ऐकून यांना आणखी रडू यायचं कारण सोडायचं तर नव्हतंच.

मी विचारलं, रविवारी नेमकं काय होतं ते सांगा, पहिल्यापासून. तर सांगता सांगता त्या एका जागी अडकल्या. ग्रुप सिव्हिल लाइन्समधून निघतो, सेमिनरी हिल्सचा चढ, खाली फुटाळा, मग अंबाझरीकडे, असा काहीतरी फेरा मारून परत येतो, आणि मग सगळे मिळून तर्री-पोहे खायला जातात. "मॅडम, मी पोहोचेपर्यंत सगळ्यांचे पोहे खाऊन झालेले असतात. प्लेटा ठेवून देतात, गाड्यांच्या चाव्या हातात, माझ्यासाठी थांबले असतात बिचारे. मले तर वाटते जमीन फाटावी." एरवी अगदी शुद्ध बोलणाऱ्या बाई, पण हे वाक्य असंच आलं, आणि मला कळलं की दुखतंय ते इथे. ४२ किलोमीटर बाजूलाच राहिले, ती पोह्याच्या ठेल्यावरची पाच मिनिटं त्यांना शनिवारी रात्रीपासून छळत होती.

मग पुढचं निघालं. पोहोचायला फार उशीर नको म्हणून त्या मंगळवार-गुरुवारचे छोटे रनही ग्रुपच्या वेगाने मारायच्या, जीव तोडून. त्यांचा आरामाचा वेग साडेआठ मिनिटाला एक किलोमीटर, आणि धावायच्या सात मिनिटाने. त्यामुळे रविवार उजाडेपर्यंत पायात काही शिल्लकच नसायचं, रविवारी त्या अजून हळू, अजून मागे, म्हणून पुढच्या मंगळवारी अजून जोर. नडगी दुखायला लागली ते कोणाला सांगितलं नाही. चालायची वेळ आली की घड्याळ पॉझ करायच्या, म्हणजे स्ट्रावा या धावणं नोंदवायच्या अ‍ॅपवर पेस, म्हणजे वेग, चांगला दिसेल, आणि तरी नाहीच आवडला तर तो रन फक्त स्वतःपुरता ठेवायच्या. हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. पण मला यात लबाडी अजिबात दिसली नाही, आपण कमी आहोत हे कोणाला दिसू नये यासाठी माणूस केवढे कष्ट घेतो तेवढं दिसलं.

इथे मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली शरीराची. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे नडगीसाठी त्यांना स्पोर्ट्स फिजिओकडे पाठवलं आणि सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगितलं. हे मी प्रत्येक धावणाऱ्या बाईला सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि आपण मात्र "माझ्यात स्टॅमिनाच नाही", "मी आळशी आहे" असं स्वतःला बोलत बसतो जेव्हा की हिमोग्लोबिन नऊवर असतं. यांचं कमीच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. तुमच्यापैकी कोणी महिनोन्महिने दमत असाल तर मनाकडे वळायच्या आधी ही एक तपासणी करा, खरंच.

दुसरी गोष्ट मनाची. मी आरईबीटी वापरते, म्हणजे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत. त्यात आपण घटना, त्या घटनेबद्दलचा आपला विचार आणि त्यातून आलेली भावना हे सुटं करून बघतो. घटना एवढीच की मी ग्रुपमध्ये शेवटी पोहोचते. ती खरीच आहे, ती मी नाकारली नाही. बरेच लोक इथे धीर द्यायला जातात की नाही हो, तुम्ही कुठे स्लो. असं करू नये, समोरच्याला कळतं की आपली समजूत काढली जातेय. खरा त्रास मधल्या विचाराचा होता: मी शेवटी येता कामा नये, आणि आले तर माझ्यात काहीतरी कमी आहे, आणि ते सगळ्यांना दिसलं तर ते मला सहनच होणार नाही. एकाच श्वासात तीन वाक्यं. लहानपणी घरी त्यांना "हळूबाई" म्हणायचे, जेवायला हळू, वेणी घालायला हळू, बहीण चटपटीत आणि ही हळूबाई. कोणी वाईट हेतूने म्हणत नव्हतं, पण चाळीस वर्षांनी फुटाळ्याच्या रस्त्यावर तेच नाव मागून धावत येत होतं.

ग्रुपवर कोणीतरी त्यांना धीर म्हणून जॉन स्टीफन अखवारीची गोष्ट पाठवली होती, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पडून गुडघा दुखावूनसुद्धा शेवटचा का होईना पूर्ण करणारा टांझानियाचा धावपटू. गोष्ट मोठीच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी ती उपयोगी पडत नाही, कारण त्यातून निघतं काय, तर शेवटी यायचं तर निदान रक्तबंबाळ होऊन, जग बघत असताना या. साध्या रविवारी, कुठेही न पडता, नुसतंच हळू धावून शेवटी आलेल्या बाईला त्यात जागाच नाही. शिवाय अखवारीने त्या अवस्थेतसुद्धा ३ तास २५ मिनिटांत मॅरेथॉन संपवली होती! ताई मला म्हणाल्या, मॅडम, तो त्याचा वाईट दिवस होता, मी माझ्या चांगल्या दिवशीसुद्धा त्याच्या अडीच तास मागे असेन. बरोबरच बोलल्या.

मग आम्ही ठरवलं की वेग वाढवायचा प्रयत्न बंद. उलट कमी करायचा. हे मानसिक उपचार म्हणून नाही, ट्रेनिंग म्हणूनच बरोबर आहे. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी मोठमोठ्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) खेळाडूंचा सराव तपासला तेव्हा साधारण ८० टक्के सराव हलक्या वेगाचा आणि फक्त २० टक्के जोराचा आढळला. हलका म्हणजे धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, शेजारणीला कालच्या भाजीची रेसिपी सांगता आली पाहिजे. आपले हौशी लोक नेमकं उलटं करतात, सगळेच रन मध्यम-जोरात, ना धड आराम ना धड कष्ट. ताईंनी मंगळवारचा रन एकट्याने करायला सुरुवात केली, साडेआठच्या पेसने, आणि पहिल्याच आठवड्यात फोन आला की मॅडम, मी घरी आले आणि दमलेच नाही, असं चालते का? चालतं.

पण रविवार राहिलाच होता. एलिस लाज घालवायचा एक व्यायाम सांगायचे, ज्याची लाज वाटते ते मुद्दाम, सगळ्यांसमोर, कोणाला इजा न करता करून बघायचं. ते लोकांना केळ्याला दोरी बांधून रस्त्यावर फिरवायला सांगत. आम्हाला केळ्याची गरज नव्हती. मी म्हटलं, तुम्ही लपून चालता ना, आता उघड चाला. जेफ गॅलोवे नावाचे अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू, १९७२ च्या म्युनिकमध्ये होते, त्यांची रन-वॉक पद्धत जगभर असंख्य लोक वापरतात, दम लागायच्या आधीच, अगदी पहिल्या किलोमीटरपासून, ठरलेल्या अंतराने थोडं चालायचं. आमचं ठरलं पाच मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, सगळ्यांच्या देखत, घड्याळ चालूच ठेवून, आणि स्ट्रावावर रन सगळ्यांना दिसेल असा.

त्या रविवारी काय झालं ते त्यांनीच लिहून आणलं होतं. निघाल्यावर पाचच मिनिटांत चालायला लागल्या तेव्हा एक जण म्हणालाच, "ये क्या, वॉकिंग ग्रुप हो गया क्या?" आणि दोघं-तिघं हसले. हे झालं ते बरंच झालं असं मला वाटलं. कोणी काहीच बोललं नसतं तर त्यांना वाटलं असतं की यावेळी वाचले, पुढच्या वेळी कोणी बोललं तर? ज्या गोष्टीला त्या इतकी वर्षं घाबरत होत्या ती झाली, कान गरम झाले, डोळ्यात पाणी आलं, एक मिनिट संपलं, घड्याळ वाजलं, त्या परत धावायला लागल्या. सहन होणार नाही असं जे वाटत होतं ते सहन झालं होतं. पुढे सेमिनरी हिल्सच्या चढावर धापा टाकत चालणारे काही जण दिसले म्हणे, त्यात तो हसणाराही होता. पण ताईंना त्याचं काही विशेष वाटलं नाही, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याच्यापेक्षा पुढे जाण्यात त्यांचा आनंद अडकला असता तर आम्ही तिथल्या तिथेच राहिलो असतो.

पोह्यांचं त्यांनी स्वतःच बोलून सोडवलं. ग्रुपला सांगितलं की मी अर्धा तास आधी निघते. ऐकून अजून दोघी जणी तयार झाल्या, त्यांनाही तेच हवं होतं पण बोलत नव्हत्या. एकटीने अंधारात, कुत्र्यांमधून जायचा प्रश्नही मिटला. नवऱ्याला मी एकदा बोलावून घेतलं, त्यांना एवढंच सांगितलं की "सोडून दे" ऐवजी "आज किती आहे?" असं विचारत जा.

कट-ऑफची, म्हणजे वेळमर्यादेत न पोहोचण्याची, भीती मात्र वेगळी, ती नुसती मनाची नसते, तिचा हिशोब करता येतो. मी कागद-पेन दिलं. साडेआठ मिनिटाने ४२.१९५ म्हणजे सहा तासांच्या एक-दीड मिनिट आत. नऊ मिनिटाने धरलं तर सहा तास वीस मिनिटं. तुमच्या स्पर्धेची वेळमर्यादा तिच्या नियमात लिहिलेली असते, ती घ्या आणि आपला आकडा शेजारी लिहा. बसत असेल तर ठीक. बसत नसेल तर यंदा हाफ करा, पुढच्या वर्षी फुल, त्यात इज्जतीचा काही प्रश्न नाही. रात्री तीनला डोक्यात फिरणारा आकडा कागदावर आला की त्याचा दम बराच कमी होतो.

डिसेंबरपर्यंत त्यांचा लाँग रन ३० किलोमीटरवर गेला, मधे घरच्या लग्नात दोन रविवार बुडाले, आणि त्यावर रडारड झाली नाही. पूर्वी एक रन बुडाला की प्लॅन संपला असं असायचं. स्पर्धेआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं असतं, तेव्हा पुन्हा झोप उडाली, इकडे दुखतंय तिकडे दुखतंय सुरू झालं. ते जवळजवळ सगळ्यांचंच होतं, रिकामा वेळ मिळाला की मन काहीतरी शोधतंच. मुंबईची दमट हवा हीसुद्धा आपल्यासाठी खरी अडचण आहे, नागपूरच्या जानेवारीतल्या कोरड्या थंडीतून तिथे गेलं की पहिल्या तासातच कपडे भिजतात, म्हणून पेस अजून थोडा उतरवायचं आधीच ठरलं होतं.

त्यांनी पूर्ण केली. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, तीस-पस्तीस किलोमीटर अंगावर घेतल्यानंतर आला, तिथे सबंध चालल्या. मी वेळ विचारली नाही, त्यांनीही सांगितली नाही, आम्ही बराच वेळ तिथल्या लोकांबद्दल बोलत बसलो, फुटपाथवर उभं राहून अनोळखी माणसांना संत्री आणि बिस्किटं देणाऱ्या बायकांबद्दल.

तर, स्लो आहात म्हणून मॅरेथॉन करू नये का, याचं माझं उत्तर हे की वेगावरून ठरवू नका. किती महिने आहेत, शरीर काय म्हणतं, वेळमर्यादेत बसतं का आणि आठवड्याचे चार दिवस घरच्यांच्या संमतीने मिळतात का यावरून ठरवा. आणि धावल्यावर छातीत दुखणं, चक्कर, धडधड असं काही असेल तर माझ्याकडे नको, सरळ डॉक्टरकडे जा, चाळिशीनंतर पहिली फुल करणार असाल तर काही होत नसलं तरी एकदा तपासून घ्या. पाय दुखत असूनही थांबता येत नाही, धावलं नाही तर जेवायचा हक्क नाही असं वाटतं, घरी खोटं सांगून धावायला जाता, यातलं काही होत असेल तर मात्र स्पर्धेची वाट न बघता कोणा समुपदेशकाला भेटा, याच आठवड्यात.