अमेरिकेतल्या तुरुंगातून येणारा फोन इतका महाग का पडतो?

भाऊ तिकडे तुरुंगात आहे, आणि चार शब्द बोलायचे इतके पैसे का, असं तुम्ही विचारलंय. तुरुंगात एकाच फोन कंपनीला कंत्राट मिळतं. त्या बदल्यात कमाईतला वाटा प्रशासनाला देण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. कैद्याला दुसरी कंपनी निवडता येत नाही, म्हणून भार घरच्यांवर येतो. हा मला सरळ अन्याय वाटतो. नातवाशी बोलणं परवडेना म्हणून मार्था राइट या आजी लढल्या. त्यांच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला.

आधी तुरुंग राज्याचा की काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक भागाचा) ते बघा. कॅलिफोर्निया, कनेक्टिकटच्या राज्य तुरुंगांतून फोन मोफत आहेत. काउंटीचे दर वेगळे असू शकतात. खात्यात पैसे भरताना वेगळं शुल्क कापतात का, तेही तपासा.