काठावर पडलेला सागवानी डोंगा गळतोय, नवा करावा का?

तुमचा प्रश्न असा: वैनगंगेकाठचा 18 फुटी सागवानी डोंगा (फळ्यांची होडी) फेब्रुवारीपासून काठावर पालथा होता, आता पाण्यात टाकताच सांध्यांतून गळतोय, फळ्या बदलाव्यात की नवाच करावा?

माझ्या मते आधी तीन दिवस थांबा. मे महिन्याच्या उन्हात आठ इंची फळी दीड-दोन मिलिमीटर सहज आटते आणि सांधा उघडतो. डोंगा गुडघाभर पाण्यात दोराने बांधून आत पाणी भरू द्या, कडेच्या फळ्यांवर ओली पोती टाका. तीन दिवसांनी उपसा. निम्म्याहून जास्त गळती आपोआप थांबलेली असते. जिथून तरीही पाणी येतं तिथे खिळ्याने ओरखडा काढून ठेवा.

मग बाहेर काढा, दोन दिवस सावलीत सुकवा, जुनं डांबर खरवडा. कापसाची सैल वळलेली वात उकळलेल्या जवसाच्या तेलात भिजवून पिळा आणि बाहेरच्या बाजूने बोथट पटाशी व लाकडी हातोड्याने सांध्यात बसवा. सांध्याची दोन तृतीयांश खोली भरली की पुरे. वर राळ आणि जवसाच्या तेलाची पुट्टी. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. कोरड्या डोंग्यात कापूस ठासून भरतात. पावसात फळ्या फुगल्या की त्यांना जागाच उरत नाही, मग खिळे उपटले जातात. दुसरा प्रकार सिमेंटचा. ते लाकडाबरोबर हलत नाही, एका हंगामात तडकतं, मागे पाणी साचतं आणि चांगली फळी कुजते.

फळी बदलायची की नाही हे खिळ्यांपाशी ठरतं. पेचकस टोचून पाहा. पाव इंच आत गेला तर ती फळी गेली. नवी एक इंची फळी गाभ्याच्या लाकडाची घ्या. शेतातल्या पंधरा-वीस वर्षांच्या सागाला कडेचं पांढरं लाकूड फार असतं, ते लवकर कुजतं. शिवाय साग स्वतःच्या बांधावरचा असला तरी तोडायला परवानगी लागते. डेपोतून घेतला तर बिल आणि वाहतूक पास जपून ठेवा. खिळे जस्त चढवलेले, तीन इंची, चार-चार इंचांवर. आधी बारीक छिद्र पाडायचं, नाहीतर फळी कडेला फाटते. आत निघालेलं टोक आडव्या पट्टीवर वळवून ठोकायचं.

कोणी मध्ये कणा, म्हणजे तळाखाली लांबीभर उभी पट्टी, घाला म्हणेल. घालू नका. हिवाळ्यानंतर नदी वाळूतल्या बारीक धारेवर येते, म्हणून तर इकडचा डोंगा सपाट तळाचा. गोसीखुर्दच्या वरच्या बाजूला, भंडारा-पवनीकडे मात्र धरणाचं पाणी उघडं पसरलंय, वाऱ्याने लाटा उठतात. तिथे कडेला एक फळी वाढवा. 40 चौरस फुटांचा तळ एक इंच बुडायला साधारण 94 किलो लागतात, त्यावरून माणसं मोजा. कड पाण्यावर नऊ इंच तरी दिसली पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात तो काठावर पालथा टाकू नका. डोहात दगड घालून बुडवून ठेवा. दगड तळाच्या फळीवर नाही, आडव्या पट्ट्यांवर.