सॉफ्टवेअर बदलण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. ऑडिओबुकच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर सोडून रीपरकडे जावं का, असं विचारलंयस आणि दोन्हींत वाचलेला एकच उतारा सोबत पाठवलायस. हेडफोन लावून तीनदा ऐकला. मला काही फरक सापडला नाही. माइक तोच, खोली तीच, गळा तोच. मग वेगळं येणार कुठून? आवाज सुधारेल या आशेनं बदलणार असशील, तर राहू दे. वाचताना तुझ्या पाठीमागे जी भिंत असते तिच्यावर जाड रजई टांग. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या तोंडात जातो आणि तो दोन्ही फायलींत मला ऐकू आला.

पण तासाभराचं वाचन साफ करायला चार तास लागतात, असंही तू लिहिलंयस. या कारणासाठी काहीतरी बदलायलाच हवं. चुकलं की तू तेच वाक्य पुन्हा म्हणून पुढे जातोस आणि रात्री सगळं ऐकत चुका वेचत बसतोस. त्याऐवजी पंच अँड रोल शीक. चुकलास की थांब. कर्सर चुकीच्या आधीच्या विरामावर ने. बटण दाबलंस की आधीचे काही सेकंद कानात वाजतात आणि कर्सरपासून रेकॉर्डिंग सुरू होतं. स्वतःचंच वाक्य नुकतं ऐकल्यामुळे पट्टी, वेग, पात्राचा राग जिथे सुटला होता तिथेच पुन्हा सापडतो. वाचन संपतं तेव्हा बरीचशी काटछाटही झालेली असते.

हे ऑडॅसिटीत 2018 पासून, म्हणजे 2.3.0 आवृत्तीपासून आहे: शिफ्ट आणि डी. आधी दोन आठवडे तिथेच करून बघ.

त्यानंतरही रीपर हवंसं वाटलं तर खुशाल जा. मी स्वतः त्यातच काम करतो, कारण हवी ती कृती हव्या त्या बटणावर बसवता येते आणि चार कृतींची साखळी करून एकाच बटणाला देता येते. दिवसभर वाचणाऱ्याच्या मनगटाला याची किंमत कळते. मात्र तिथला प्री-रोल, म्हणजे रेकॉर्डिंगआधी कानात वाजणारा तो तुकडा, मेट्रोनोमच्या (ठेका देणाऱ्या सोयीच्या) सेटिंगमध्ये असतो आणि सेकंदांत नाही, संगीताच्या मात्रांच्या आवर्तनांत मोजला जातो. टेम्पो मिनिटाला 60 मात्रा ठेव, चार मात्रांचं एक आवर्तन दे. बरोबर चार सेकंद मिळतील.

आता जे मला फार महागात पडलं ते सांगतो. एका कादंबरीची निम्मी प्रकरणं झाली असताना मी सॉफ्टवेअर बदललं. महिन्याभरानं पहिल्या प्रकरणांतल्या दुरुस्त्या आल्या. कच्चं रेकॉर्डिंग मी ठेवलंच नव्हतं. जुन्या फायलींत कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारा इफेक्ट) आणि नॉइज रिडक्शन (मागची खरखर काढणारा) कायमचं मुरलेलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तेच आकडे घातले तरी तो रंग येईना, कारण नाव एक असलं तरी प्रत्येकाचा कॉम्प्रेसर वेगळा वागतो. दुरुस्त केलेलं प्रत्येक वाक्य ठिगळासारखं ऐकू येत होतं. शेवटी तीन प्रकरणं पहिल्यापासून वाचली. म्हणून हातातलं पुस्तक जिथे सुरू केलंस तिथेच संपव, दुरुस्त्यांसकट.

जुनं काम रीपरमध्ये नेताना प्रोजेक्ट फाईल नेऊ नकोस, ऑडॅसिटीची एयूपी3 रीपरला कळत नाही. कुठलाही इफेक्ट न लावलेली 24 बिटची वेव्ह फाईल काढ. सोबत खोलीच्या नुसत्या शांततेचा एक मिनिटही ठेव. विराम भरायला तो लागतोच. दोन्हीकडे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, तपास. ऑडिओबुकला सहसा 44.1 किलोहर्ट्झ, व्हिडिओला 48. 44.1 ची फाईल चुकून 48 च्या वेगानं वाजली, तर वाचन जवळजवळ नऊ टक्के घाईचं होतं आणि आवाज सुमारे दीड सेमीटोननं (अर्धस्वरानं) चढतो. आपलाच आवाज असल्यामुळे आपल्याला ते पटकन लक्षात येत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

पुस्तक सुपूर्द केलंस की रीपरमध्ये नवीन मजकुराची दहा पानं पंच अँड रोलनं वाच आणि मला पाठव. इफेक्ट लावू नकोस, श्वास कापू नकोस. जोड कुठे ऐकू येतात तेवढं मला पाहायचंय.

तुझा,
दादा